लोभाला कान नसतात
(शास्त्रपाठ : लूक १२:१३-२१; १५:३-७; कलस्सैकरांस ३:५)



लखनौच्या निशातगंज बाजारात एखादी वस्तू घेऊन मोबाइलवरून पैसे चुकते करावेत, तोच त्याच पडद्यावर आणखी काही घेण्याचे आमंत्रण यावे, हा अनुभव आता नवा नाही. आपल्या गावीही हेच घडत असेल. यासंबंधी जॉर्ज ल्यूकस यांचा १९७१ सालचा ‘टीएचएक्स ११३८’ हा आपल्याकडे फारसा परिचित नसलेला चित्रपट विचार करावयास लावतो.

त्यातील माणसे भूमीखालच्या नगरात राहतात. त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. भावना उफाळू नयेत म्हणून औषध घेणे सक्तीचे आहे. मन व्याकूळ झाले की ती एका कोठडीत जाऊन आपली व्यथा सांगतात. समोर ख्रिस्ताचे मुख असते. हान्स मेमलिंग यांनी १४७८ साली रंगविलेले. उत्तर मात्र ध्वनिमुद्रित आवाज देतो. मनुष्य काहीही बोलो, वाक्ये ठरलेलीच. आणि शेवटी उपदेश हा की, अधिक खरेदी करा व सुखी व्हा.

लूक १२:१५ मधील ‘लोभ’ यासाठी मूळ ग्रीक शब्द ‘प्लेओनेक्सिया’ असा आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘अधिक असणे’. कलस्सैकरांस लिहिताना पौल यालाच मूर्तिपूजा म्हणतो. मूर्तीप्रमाणे लोभही ऐकत नाही. दाखल्यातील धनवानही केवळ आपल्याच जिवाशी बोलतो. त्याच्या कोठारांपाशी दुसरे कोणी नाही.

चित्रपटाचा नायक बंड करून पळतो. पोलिसांचे काम करणारे यंत्रमानव त्याचा पाठलाग करतात. परंतु ठरविलेल्या रकमेपेक्षा खर्च वाढताच त्यांना परत बोलाविण्यात येते. तो उघड्या आकाशाखाली येतो, पण एकटाच. यंत्रापासून सुटका झाली. आता त्याचे ऐकणार कोण?

आपला मेंढपाळ हरवलेले मेंढरू सापडेपर्यंत शोधतो. तो पकडण्यासाठी नव्हे, खांद्यावर घेण्यासाठी येतो. त्याने खर्चाची मर्यादा ठरविली नाही. वधस्तंभावर स्वतःचा प्राण दिला.

तेव्हा केवळ मोबाइल दूर ठेवल्याने लोभ सुटणार नाही. आपण स्वतःस विचारू या : ख्रिस्ताच्या मुखी मी माझ्याच हावेचे शब्द घालीत नाही ना? आज प्रार्थनेत काही मागण्यापूर्वी थोडा वेळ स्तब्ध राहा. मग घरातील एकाचे म्हणणे मध्ये न बोलता ऐका. ऐकणाऱ्या देवाची लेकरे ऐकणारी असावीत.