शाई : शब्द आणि द्रव्य

नित्य वापरातील काही शब्द इतके अंगवळणी पडलेले असतात की, त्यांचा मूळ अर्थ आपल्या ध्यानीही येत नाही. 'शाई' हा असाच एक शब्द होय.

फारसीत 'सियाह' म्हणजे काळा व 'सियाही' म्हणजे काळेपणा. त्यावरून हिंदीत 'स्याही', गुजरातीत 'शाही' आणि मराठीत 'शाई' अशी रूपे झाली. या हिशेबाने 'काळी शाई' ही द्विरुक्ती ठरते, तर शिक्षकांची 'लाल शाई' म्हणजे चक्क लाल काळेपणा! परंतु शब्द एकदा रुळला म्हणजे व्युत्पत्तीचा अंमल त्याच्यावर चालत नाही. हैदराबादेकडील उर्दूत तर याच द्रव्यास 'रोशनाई', म्हणजे उजेड, असेही म्हणतात. मराठीत तो शब्द 'रोषणाई' होऊन दिव्यांकडे गेला. मतदाराच्या बोटावर १९६२ पासून लावली जाणारी म्हैसूरची शाई मात्र नावाला जागते. लावताना ती जांभळट असते. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेटमुळे प्रकाशात ती काळी पडते.

संस्कृतातील शब्द 'मषी' अथवा 'मसी'. कन्नडमध्ये 'मसि' म्हणजे काजळीही आणि शाईही. हा योगायोग नव्हे. दिव्याची काजळी धरून ती डिंकाच्या पाण्यात पुष्कळ वेळ खलली की शाई तयार होई. काजळी म्हणजे बहुतांशी कार्बन. तो उन्हाने वा काळाने विटत नाही. म्हणूनच मोडी दप्तरांतील कित्येक कागद आजही काळेभोर वाचता येतात. मात्र ही शाई कागदात फारशी मुरत नाही, डिंकाच्या आधारे वर बसते. पाणी लागताच फिसकटते.

इंग्रजी 'इंक'चे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'भाजून उमटविलेले' असा आहे. रोमन सम्राटांच्या सहीच्या जांभळ्या शाईला त्यावरून नाव पडले. गोव्यात परिचित असलेल्या पोर्तुगीज 'तिंता'चा अर्थ 'रंगविलेली'. युरोपात शतकानुशतके मायफळ व हिराकस यांची शाई चाले. आपल्याकडे हिरडा व हिराकस यांचीही होत असे. ती कागदात मुरते, पण तिच्यातील आम्ल व लोह यांमुळे कागद ठिसूळ होतो आणि अक्षरांच्या जागी छिद्रे पडतात.

ज्यांच्या घरी जुनी खते वा सनदा असतील त्यांनी त्या ओल्या फडक्याने पुसू नयेत, प्लॅस्टिकमध्ये कायमच्या बंद करून घेऊ नयेत. स्वच्छ सुती रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवाव्यात.