अक्षता पडायच्या आधी

वारणेच्या काठावर लग्नसराई आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी सुरू होतो. तुळशीचं लग्न लागलं की भटजींकडे तिथी बघायला रीघ लागते, आणि त्याच सुमारास कारखान्याच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लागतात. वारणानगरला किंवा कोडोलीला हॉल ठरवणाऱ्यानं मुहूर्ताइतकाच या ट्रॅक्टरांचाही हिशेब धरायला हवा. पुण्याचं वऱ्हाड महामार्ग सोडून वाठारला वळलं की आता पोचलंच, असं आपण धरून चालतो. हंगामात तसं धरू नका. वऱ्हाड आदल्या रात्रीच मुक्कामाला बोलवा, नाहीतर पहाटे निघायला सांगा.

माझ्या थोरल्या पुतणीचं लग्न याच रस्त्यानं विस्कटलं. अक्षता साडेबाराच्या होत्या. वऱ्हाडाच्या गाड्या पारगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकल्या आणि अक्षता पडल्या तेव्हा दीड वाजून गेला होता. लग्न उशिरा लागणं आपल्याकडं नवं नाही, पै-पावणे तेवढं सांभाळून घेतात. पण हॉल संध्याकाळी दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेला होता. ही गोष्ट हॉलवाल्यानं आम्हाला त्या दिवशी दुपारी सांगितली. तीन वाजल्यापासून त्याची माणसं खुर्च्या उचलायला लागली. गेलेला तास कुठून तरी भरून काढायचा होता. पंगतीतून तो काढता येत नाही, विधींतून भटजी काढू देत नाहीत. तो निघाला फोटोंतून.

त्यात इसार देताना ज्याचं काम आम्हाला दाखवलं होतं, तो फोटोग्राफर आलाच नाही. त्याची त्याच तिथीला दुसरीकडं ऑर्डर होती. त्यानं दोन तरुण पोरं पाठवली. पोरं कष्टाळू होती, त्यांच्यावर माझा राग नाही. पण आम्ही दिलेली माणसांची यादी मालकानं त्यांच्यापर्यंत पोचवलीच नव्हती. त्यांना जे शिकवलं होतं ते त्यांनी केलं: नवरानवरीची धुरातून एंट्री, दोन्हीकडं उडणारी कारंजी, मान वळवून बघणं, पुन्हा एकदा मान वळवून बघणं. माझी आई, म्हणजे नवरीची आजी, सकाळपासून नऊवारी नेसून पुढच्या रांगेत बसून होती. मी दोनदा विचारायला गेलो तर म्हणाली, "काढतील की रं, लेकरांची घाई चाललीया." दोननंतर तिला बसवेना, तिला घरी न्यावं लागलं. अल्बम आला. जाडजूड, मखमली पेटीतला. त्यात आजी आणि नात एका फोटोत कुठंही नाहीत. अंतरपाटाशी नवरीमागं उभा राहिलेला मामा एकदाच दिसतो, तोही पाठमोरा. आमच्या वहिनीनं तो अल्बम दोनदा उलटून पाहिला आणि मिटून ठेवला.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो अक्षतांच्या नंतरवर ठेवू नका, आणि शक्यतो हॉलवरही ठेवू नका. हळदीच्या दिवशी देवक बसलं की घरातच काढा, सोप्यात किंवा अंगणात. सकाळी आठ-नऊचं ऊन तिरपं आणि मऊ असतं, म्हाताऱ्या माणसांना त्यात डोळे मिचकवावे लागत नाहीत. आजी-आजोबांना खुर्चीत बसवा, बाकीच्यांनी मागं उभं राहावं. अंगाला हळद असली तरी बिघडत नाही. उलट आजीच्या हातची हळद नातीच्या गालावर लागताना जो फोटो मिळतो, तो स्टेजवर मिळत नाही. धाकट्या पुतणीच्या वेळी आम्ही हेच केलं. लग्नाच्या दिवशी काय व्हायचं ते होवो, आजी, मामा, आत्या, चुलते सगळे आधीच फोटोत आलेले होते. मन शांत होतं.

हॉलवरच्या फोटोंसाठी दोन्हीकडचा एकेक माणूस फोटोग्राफरच्या सोबत नेमा. नवरीचा बाप किंवा भाऊ नको, त्यांचा जीव मानपानात आणि आहेरात अडकलेला असतो. नाती तोंडपाठ असलेली आत्या किंवा एखादा चुलतभाऊ बघा. यादी त्याच्या हातात कागदावर द्या. भटजींनाही आधीच विनंती करून ठेवा, म्हणजे कन्यादान आणि सप्तपदीला ते क्षणभर थांबतात.

आता उजेडाचं. कोल्हापूरला या गोष्टीची जाण जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या 'सिंहगड'साठी दिव्यांच्या कृत्रिम प्रकाशात चित्रीकरण केलं, तेव्हा आपल्याकडचा सिनेमा अजून सूर्याच्या भरवशावर चालत होता. आज हॉलमध्ये दिव्यांना तोटा नाही, पण ते लावलेले असतात सजावटीसाठी. आमच्या स्टेजवर जांभळे आणि निळे झोत थेट तोंडावर होते. अशा उजेडात कातडीचा मूळ रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचतच नाही. मग फाइल कितीही चांगली असो, नंतर बसून तो रंग परत आणता येत नाही. हिरव्या शालूची नवरी जांभळी दिसते ती जांभळीच राहते. दुसरी अडचण एलईडीची. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळं हलक्या प्रतीचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण फोटोत आणि व्हिडिओत आडवे पट्टे उमटतात. यावर उपाय सोपा आहे. विधी चालू असताना तोंडावर फक्त पांढरा किंवा पिवळसर उजेड राहील, रंगीत झोत मागच्या पडद्यावर जातील, हे डेकोरेशनवाल्याशी बोलून ठेवा. फोटोग्राफरला आधी एकदा हॉलवर नेऊन सगळे दिवे लावून दाखवा. लॉनवर भरदुपारचं लग्न असेल तर बोहल्यावर पांढरं कापड ताणून घ्या, नाहीतर मुंडावळ्यांच्या सावल्या डोळ्यांवर पडतात.

फोटोग्राफरशी ठरवताना कागद करा. त्यावर कोण स्वतः येणार त्याचं नाव हवं, आणि तो आला नाही तर किती पैसे परत, हेही. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो साठवणारा कॅमेरा मागा, आणि त्याच रात्री सगळ्या फाइलींची एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवर घ्या. ड्रोन असेल तर चालवणाऱ्याचा परवाना बघा, अगदी छोटा ड्रोन सोडला तर धंद्यासाठी तो लागतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क मुळात काढून घेणाऱ्याचा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणून छापील फॉर्मवर सही करण्याआधी बारीक अक्षरातलं कलम वाचा. लेकीचे फोटो स्टुडिओच्या जाहिरातीत यावेत की नाही, हे तिनं ठरवायचं.

हॉलच्या पावतीवर तारीख पुरेशी नाही. ताबा किती वाजता मिळणार, किती वाजता सोडायचा, त्या दिवशी दुसरा कार्यक्रम आहे का, जनरेटरवर स्टेजचे दिवे चालतात का, एवढं लिहून घ्या. संध्याकाळी दुसरा कार्यक्रम असेल आणि तुमचं लग्न दुपारचं असेल, तर तो हॉल सोडलेला बरा.

अल्बमला महिने लागतात, पण लग्नाच्या नोंदीला तेवढी उसंत नाही. राज्याच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणं ९० दिवसांत नोंद करायची असते. ग्रामपंचायतीत त्यासाठी तीन साक्षीदार, लग्नपत्रिका आणि विधीचा फोटो लागतो. तेव्हा हार घालतानाचा, दोघांचे चेहरे स्वच्छ दिसणारा एक साधा फोटो त्याच आठवड्यात छापून द्यायला सांगा, आणि शेवटचा हप्ता सगळ्या फाइली व अल्बम हातात आल्यावरच द्या.