आधी विचारायचं, मग सांगायचं

थंडीच्या दिवसांत वाणगावची संध्याकाळ मिरचीच्या घाईची असते. दिवसभर तोडलेला माल शेडवर येतो, निवडला जातो, काट्यावर चढतो आणि अंधार पडला की टेम्पो वाशीच्या बाजाराकडे निघतो. आमच्या शेडवरचा हिशेब मी बघते. कोणाचे किती क्रेट, किती वजन, याची पावती शेतकऱ्याच्या हातात पडल्याशिवाय टेम्पो हलत नाही.

पावतीसाठी ५८ मिलिमीटर कागदाचा छोटा थर्मल प्रिंटर आहे, ब्लूटूथवर चालणारा. संगणक म्हणजे तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय, त्यावर लिनक्स. टेबलावर क्रेट ठेवता-उचलताना वायर अडकतात, म्हणून कीबोर्ड आणि माउसही मी ब्लूटूथचेच घेतले होते. चूक तिथेच पेरली गेली होती.

त्या संध्याकाळी पावती निघेना. पडद्यावर ‘होस्ट इज डाउन’ एवढेच शब्द. बाहेर टेम्पोवाला दोनदा येऊन गेला, “वहिनी, अजून किती वेळ?” मी टर्मिनल उघडलं. कमांड लाइनची मला सवय आहे. त्या सवयीनेच मला घाईत टाकलं. प्रिंटर बिघडला असं धरून मी आधी त्याची जोडणी ‘रिमूव्ह’ने पुसून टाकली. मग नव्याने शोधायला गेले, तर तो यादीत येईना. वाटलं, रेडिओच अडकला असेल. एकदा बंद करून चालू करू. ‘आरएफकिल ब्लॉक ऑल’ लिहिलं आणि एंटर दाबलं. पुढची ओळ ‘अनब्लॉक ऑल’ अशी लिहायची होती. ती लिहिता आलीच नाही.

कीबोर्ड त्याच रेडिओवर होता, माउसही. ‘ऑल’ म्हटल्यामुळे वायफायही गेलं, त्यामुळे मोबाइलवरून आत शिरायची वाटही बंद. वीज काढून पुन्हा लावली, तरी तेच. लिनक्समधलं सिस्टमडी रेडिओच्या बटणांची शेवटची स्थिती जपून ठेवतं आणि यंत्र सुरू होताना तीच परत लावतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शेजारच्या घरातून वायरचा कीबोर्ड आणून रेडिओ उघडला, पण प्रिंटर तरीही दिसेना, म्हणून पावत्या हाताने लिहिल्या. त्या गडबडीत एका आजींचे दोन क्रेट दुसऱ्याच्या नावावर गेले. पैसे आले तेव्हा ते उघड झालं. रक्कम त्यांना लगेच दिली, पण “माझे क्रेट मी मोजले होते गं,” हे त्यांचे शब्द मी विसरलेले नाही. हे लिहायला बसले, ते त्या शब्दांमुळे.

खरं कारण रात्री कळलं. भाचा म्हणाला, “मामी, दुपारी मी फोनवरून एक पावती काढून बघितली होती.” असे प्रिंटर एका वेळी एकाशीच बोलतात. भाचा संध्याकाळभर शेडवरच होता आणि प्रिंटर त्याच्या फोनने धरून ठेवला होता. म्हणून तो माझ्या हाकेला ओ देत नव्हता, म्हणूनच शोधातही दिसत नव्हता. ‘होस्ट इज डाउन’ म्हणजे उपकरण मेलं असं नाही. हाक मारली, उत्तर आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. फोनचं ब्लूटूथ बंद केलं आणि प्रिंटर दिसला. पण त्याची जोडणी मीच पुसली होती, म्हणून ती पहिल्यापासून करावी लागली.

तेव्हापासून मी आज्ञांचे दोन ढीग करते: विचारणाऱ्या आणि सांगणाऱ्या. विचारणारी आज्ञा कितीही वेळा द्या, काही बिघडत नाही. सांगणारी आज्ञा मात्र लगेच अमलात येते, ‘नक्की ना?’ असं टर्मिनल बहुधा विचारत नाही. म्हणून आधी सगळं विचारून घ्यायचं. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरा.)

पहिला प्रश्न ‘आरएफकिल लिस्ट’. रेडिओ बंद आहे का आणि कोणी केला, ते यात दिसतं. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ म्हणजे आज्ञेने बंद, तो आज्ञेने उघडतो. ‘हार्ड ब्लॉक्ड’ म्हणजे सहसा यंत्रावरच्या बटणाने बंद, तिथे आज्ञेचा उपयोग नाही. दुसरा प्रश्न ‘सिस्टमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ’. सेवा चालू आहे का, ते कळतं. मग ‘ब्लूटूथसीटीएल’मध्ये शिरून ‘शो’, ‘डिव्हाइसेस’ आणि शेवटी ‘इन्फो’पुढे उपकरणाचा पत्ता. ‘इन्फो’च्या उत्तरात ‘पेअर्ड’, ‘ट्रस्टेड’, ‘कनेक्टेड’ यांच्यासमोर हो किंवा नाही असतं. त्या तीन ओळी मी तेव्हा वाचल्या असत्या, तर जोडणी शाबूत आहे हे दिसलं असतं आणि ‘रिमूव्ह’ला हात लागला नसता.

या तीन शब्दांत फार जणांची गल्लत होते. ‘पेअर’ म्हणजे दोघांनी मिळून एक गुप्त किल्ली ठरवणं. ती दोन्हीकडे जपली जाते. ‘ट्रस्ट’ म्हणजे हे उपकरण आपणहून आलं तर विचारल्याशिवाय आत घेणं. कीबोर्ड रोज सकाळी आपोआप जोडला जायला हवा, तर हे लागतं. ‘कनेक्ट’ म्हणजे आत्ताचं बोलणं. नवं उपकरण जोडताना ‘स्कॅन ऑन’, मग पेअर, ट्रस्ट, कनेक्ट, आणि आठवणीने ‘स्कॅन ऑफ’ हा क्रम ठेवा. शोध चालू राहिला तर रेडिओचा वेळ त्यातच जातो आणि जोडलेली उपकरणं अडखळतात.

पावतीच्या प्रिंटरची एक खोच आहे. ‘पेअर’ नीट होतं, पण ‘कनेक्ट’ म्हटलं की ‘प्रोफाइल अनअव्हेलेबल’ असं येऊ शकतं. घाबरू नका. असा प्रिंटर सीरियल तारेसारखा वागतो. त्याला ‘आरएफकॉम बाइंड’ने बांधायचं, मग ‘आरएफकॉम शून्य’ नावाची वाट तयार होते आणि पावती तिच्यातून जाते. ही गाठ यंत्र बंद झालं की सुटते. म्हणून ती आज्ञा सुरुवातीलाच चालेल अशी सोय करून ठेवा.

जुन्या लेखांतल्या ‘एचसीआयटूल’, ‘एचसीआयकॉन्फिग’ या आज्ञांच्या मागे लागू नका. लिनक्सचं ब्लूटूथ ज्यावर चालतं त्या ब्लूझेडने २०१७ मध्येच त्या कालबाह्य ठरवल्या. त्यांची बरीचशी कामं आता ‘ब्लूटूथसीटीएल’ करतं.

प्रत्येक उपकरणाचा पत्ता सहा जोड्यांचा असतो. एकाच जातीचे दोन प्रिंटर यादीत एकाच नावाने येतात. फरक फक्त पत्त्यात. आमच्या प्रिंटरच्या तळाशी पांढरी पट्टी आहे, तिच्यावर शेवटच्या दोन जोड्या मार्करने लिहिल्या आहेत. पट्टी बघायची, पडद्यावरचा पत्ता बघायचा, मगच आज्ञा द्यायची. अशा प्रिंटरचा पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असतो, म्हणजे तो कुलूप नव्हेच. बदलता येत असेल तर बदला आणि काम झालं की संगणकावर ‘डिस्कव्हरेबल ऑफ’ करा.

आणि आज्ञा लिहिण्याआधी एकदा मान वर करून शेड बघा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. या लहरी पाणी शोषून घेतं आणि ताजी मिरची म्हणजे बरंचसं पाणीच. टेबल आणि प्रिंटर यांच्यामध्ये भरलेल्या क्रेटची थप्पी उभी राहिली की दहा मीटरची पोच कमी होते. आमच्याकडे अर्ध्या पावत्या छापून थांबायच्या, त्या प्रिंटर थप्पीच्या अलीकडे आणल्यावर पूर्ण निघू लागल्या.

सगळ्यात शेवटी, जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते. ज्या यंत्राचा रेडिओ तुम्ही हाताळणार, त्याला आज्ञा देण्याची एक वायरची वाट आधी उघडी ठेवा. ‘ऑल’ लिहू नका; ब्लूटूथचं काम असेल तर ‘ब्लूटूथ’च लिहा. समोर माणसं खोळंबली असतील, तर कार्बनचं पावतीपुस्तक काढा, एक-एक नाव मोठ्याने वाचून सावकाश लिहा आणि दुरुस्ती टेम्पो गेल्यावर करा. आमच्या टेबलामागे खिळ्याला आता एक वायरचा कीबोर्ड टांगलेला आहे आणि त्याच्या शेजारी पावतीपुस्तक. त्या आजी आल्या की पावती हातात देण्याआधी मी त्यांना विचारते, “तुमच्या मोजणीत किती क्रेट आले?”