आधी पन्हळ, मग रंग

पावसाळा सरला की या सदराच्या पत्रांचा गठ्ठा जाड होतो. दिवाळीच्या आत घर ‘नवं’ करून हवं असतं आणि कंत्राटदाराने आगाऊ रक्कम घेऊन ठेवलेली असते. या वेळी निवडलेली पत्रं वारसा म्हणून नोंदलेल्या जुन्या वस्त्यांमधल्या घरांची आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण तसलीच आणखी अकरा पत्रं माझ्या टेबलावर पडून आहेत.

नारायण पेठेत आमचा वाडा आहे. तळमजल्याच्या भिंतींना कमरेइतकी ओल चढते, खार फुटतो, दर दोन वर्षांनी दिलेला रंग पोपडे होऊन गळतो. पानशेतच्या पुरानंतर आजोबांनी खालच्या भिंती सिमेंटने पक्क्या करून घेतल्या होत्या. आता कंत्राटदार म्हणतो, वॉटरप्रूफ प्लास्टर करून वर चार फूट टाइल्स लावू. करू का? — एक वाचक, पुणे

नका करू. तुम्ही टाइल्स चार फुटांपर्यंत लावल्यात तर ओल पाचव्या फुटावर दिसेल, एवढाच फरक पडेल.

आजोबांचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण दुखणं तिथेच आहे. 12 जुलै 1961 च्या पुरात तुमच्या पेठेने जे पाहिलं, त्यानंतर माणसं सिमेंटकडे वळली यात नवल नाही. सिमेंट म्हणजे पक्कं, चुना-माती म्हणजे कच्चं, हे तेव्हा सगळेच मानत होते. पण तुमची भिंत दगड, वीट, माती आणि चुन्याची आहे. तिच्या पायात ओल अडवणारा थर नाही, कधी नव्हताच. जमिनीतलं पाणी थोडंफार वर चढणार आणि चुन्याच्या गिलाव्यातून हवेत उडून जाणार, हे धरूनच ती बांधलेली होती. सिमेंटने ही वाट बंद केली. पाणी मग उघडी जागा सापडेपर्यंत वर चढतं. बरोबर आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात, त्यांचे खडे होतात आणि ते आतून गिलावा ढकलून देतात. तुमचा रंग वाईट नाही. त्याच्या मागे पाणी कोंडलंय.

भिंत ओली राहते हे एक वेळ चालेल. माझी खरी काळजी लाकडाची आहे. तुळईची टोकं त्याच भिंतीत गेलेली असतात. माझ्या इंजिनियरिंगच्या निकालाची शाई वाळली नव्हती तेव्हा वाईला मावशीच्या घरी मीच हट्टाने माजघराला सिमेंटचा गिलावा करायला लावला. सहा पावसाळ्यांनी तुळईचं टोक बोटांनी कुस्करता येत होतं. खाली लोखंडी टेकू द्यावा लागला. मावशी मला एका शब्दाने बोलली नाही, पण आल्यागेल्याला तो टेकू ‘आमच्या इंजिनियरचा खांब’ म्हणून दाखवायची.

तेव्हा आधी पाणी कुठून येतं ते शोधा. मुसळधार पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पन्हळ फुटली आहे का? तिचं पाणी भिंतीच्या बुडाशी पडतं का? रस्त्यावर डांबराचे थर चढत जाऊन तुमचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला आहे का? मोरीचा नळ भिंतीतून जातो का? आणि चौक बघा. मातीचा किंवा मोकळ्या दर्जांच्या फरशीचा चौक जमिनीतली ओल बाहेर सोडत असे. त्यावर कोबा झाला असेल तर तीच ओल भिंतींकडे सरकते. मी पाहिलेल्या कितीतरी वाड्यांत निम्मं दुखणं चौकाचा कोबा उखडल्यावर उतरलं.

यानंतर सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीने काढायचा. ब्रेकर लावू देऊ नका, त्याच्या हादऱ्याने आतला माल सुटतो. भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी राहू द्या. पाहुणे काय म्हणतील ते म्हणू देत. खाराची भुकटी कोरड्या ब्रशने झाडायची, धुवायची नाही, कारण धुतलेला खार भिंतीतच परत जातो. मग चुना. कळीचा चुना विझवून दोन-तीन आठवडे तरी पाण्याखाली मुरू द्यावा. तो विझताना उकळतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. एकास तीन वाळू, पातळ थर, आणि प्रत्येक थर काही दिवस दमट ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन दगड होतो, त्याला घाई चालत नाही. गूळ, बेलफळ घालणारे जुने गवंडी भेटले तर त्यांचं ऐका, पण गुळाने सगळं ठीक होईल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. शेवटी चुन्याचीच सफेदी. प्लास्टिक रंग दिलात तर आजोबांनी केलं तेच पुन्हा होईल.

दिवाळीपर्यंत हे होणार नाही. या वर्षी कंदील ओल्या भिंतीवरच लावा.

वाड्याच्या छपराची दरवर्षी शाकारणी करावी लागते, माणसं मिळत नाहीत. कौलं काढून स्लॅब टाकली तर कायमची सुटका होईल का? — पुण्याहूनच

आकडे बघा. मंगलोरी कौलांचं छप्पर रीपांसकट चौरस मीटरला साधारण 65 किलो भरतं. पाच इंची काँक्रीट स्लॅब तीनशे किलोंच्या वर जाते. जवळपास पाचपट वजन तुम्ही शंभर वर्षांच्या सागवानी खांबांच्या आणि मातीच्या भिंतींच्या डोक्यावर ठेवणार. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी परिसरात मातीच्या जड माळवदांनी काय केलं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. डोक्यावरचं ओझं आणि त्याला नीट न बांधलेल्या भिंती, हे जुळलं की घर माणसावर येतं.

जाता जाता, ‘परंपरा’ म्हणून मंगलोरी कौलाला कोणी हात जोडत असेल तर सांगतो, बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली. तुमच्या वाड्यावर आधी बहुधा नळीची कौलं असणार. छपरं बदलत आली आहेत, फक्त हलक्यावरून जडावर जाऊ नये.

कौलांखाली पत्रा किंवा फळ्यांवर पाणी अडवणारा कागद घातला तर फुटक्या कौलाचं पाणी घरात येत नाही आणि दरवर्षीची कटकट चार-पाच वर्षांवर जाते. ते करण्याआधी वाशांची आणि तुळयांची टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. सहज आत गेला तर तेवढाच कुजका भाग कापून नव्या सागवानाचा सांधा द्यायचा. सुतार अख्खी तुळई बदलू म्हणाला तर दुसरा सुतार बघा.

आम्ही गिरगावात खोताच्या वाडीत राहतो. घर वारसा यादीत आहे म्हणून खिळा ठोकायलाही परवानगी लागते, हे खरं का?

खिळ्याला नाही. पण मुंबईचे वारसा नियम नीट वाचलेत तर दुरुस्ती, बाहेरचा रंग आणि खास भागांची अदलाबदल हेही परवानगीच्या कक्षेत घेतलेलं दिसेल. आधी दोन गोष्टी माहीत करून घ्या. तुमची इमारत स्वतः यादीत आहे की ती फक्त वारसा परिसरात येते? आणि वर्ग कोणता? पहिल्या वर्गात बदल जवळपास नाहीच. दुसऱ्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन पोटभाग आहेत, त्यांत आतल्या बदलांना वाव मिळतो. तिसऱ्यात तो आणखी वाढतो. अर्ज महापालिकेकडे करायचा आणि त्याला आजच्या स्थितीचे फोटो जोडायचे. लाकडी कठड्याच्या जागी लाकडीच कठडा, त्याच नक्षीचा, असं आरेखन दिलंत तर वाद घालायला फारसं उरत नाही. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आधी बसवून मग अर्ज केलात तर मात्र माझ्याकडे पत्र पाठवू नका.

पणजीत फोंतेन्हासला आमचं घर आहे. शिंपल्यांच्या खिडक्यांचे बरेच तुकडे फुटलेत. तिथे काच लावावी का?

काच लावलीत तर खोली उजळेल आणि भाजेल. शिंपल्याच्या पातळ चकत्यांतून ऊन गाळून येतं, त्या खोलीत दुपारी झोप लागते ती उगीच नाही. चकत्या लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेल्या असतात, म्हणून फुटलेली एकेक बदलता येते. पाडलेल्या घरांच्या खिडक्या जुन्या सामानवाल्यांकडे येतात, त्यांतून जमवा. भिंती चिऱ्यांच्या असतील तर वरची वाड्याची कथा तुम्हालाही लागू आहे. पावसाळ्यानंतर दरवर्षी रंगीत चुना काढण्याची तुमच्या गल्लीची रीत नुसत्या हौसेची नव्हती.

जर्सी सिटीत हॅमिल्टन पार्कजवळ विटांचं जुनं रो-हाउस घेतलं. दर्शनी भिंतीच्या दर्जा रिकाम्या झाल्यात. माणूस सिमेंटने भरून वर पाणीरोधक फवारा मारून देतो म्हणतो. घरात दोन वर्षांची मुलगी आहे. — मूळचे नाशिककर

घर नाशिकचं असो की न्यू जर्सीचं, पाणी तसंच वागतं. तुमच्याकडे त्याला बर्फाचीही जोड आहे. एकोणिसाव्या शतकातली वीट मऊ असते. दर्जेतला माल विटेपेक्षा मऊच हवा, म्हणजे ओल आणि ताण मालाने घ्यावा आणि विटेने टिकावं. सिमेंट भरलंत तर उलटं होतं. पाणी विटेत अडकतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा निघतो. एकदा तो गेला की परत येत नाही. फवाराही नको. चुन्याचा किंवा चुना जास्त असलेला माल मागा आणि अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसची दर्जांवरची पुस्तिका त्या माणसापुढे ठेवा. त्यांच्या मालिकेतली ती दुसरी आहे, फुकट मिळते. यांत्रिक करवतीने दर्जा कापू देऊ नका, विटांच्या कडा जातात.

परवानगीबद्दलही सांगतो, कारण त्यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. घर ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत असणं हा मान आहे. स्वतःच्या पैशाने काम करणाऱ्या मालकाला तो सहसा अडवत नाही. अडवतो तो शहराने घोषित केलेला परिसर, आणि तुमचा तसा आहे. दरवाजा, खिडक्या, पायऱ्या, वरची कार्निस यांना हात लावण्याआधी शहराच्या वारसा आयोगाकडे जा.

मुलीचं मात्र आधी. तुमच्याकडे घरगुती रंगातलं शिसं 1978 साली बंद झालं, म्हणजे तुमच्या चौकटींवरच्या जुन्या थरांत ते असणार असंच धरून चाला. खिडक्या घासायला सुरुवात करण्यापूर्वी तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र असलेलाच माणूस लावा आणि काम चालू असताना मुलीला त्या मजल्यावर आणू नका.

उरलेल्या अकरा जणांना एक विनंती. तुम्ही पाठवलेले फोटो मे महिन्यातले आहेत आणि त्यांत प्रत्येक भिंत कोरडी दिसते. पुढच्या श्रावणात काढलेले पाठवा. भिंतीचं बूड, पन्हळ आणि बाहेरचा रस्ता एकाच फोटोत येऊ द्या.