घरट्याच्या हद्दीबाहेर

परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा 1931-32 साली पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, तीत नमुने मिळविण्यासाठी बंदूक चालवावी लागली. आज तेच काम कॅमेरा इजा न करता करू शकतो, आणि म्हणूनच कॅमेऱ्यापायी जीव गेलेला पाहिला की मनाला अधिक यातना होतात.

जिंतूर तालुक्यात, येलदरी जलाशयाच्या बाजूच्या एका गायरानावर, ऐन वैशाखात माळटिटवीचे घरटे आमच्या दृष्टीस पडले. घरटे म्हणजे मुरमात उकरलेली उथळ खळी आणि तीत निमुळती टोके आत वळवून मांडलेली चार अंडी. त्यांचा मातकट रंग व काळपट ठिपके भोवतालच्या खड्यांत असे बेमालूम मिसळले होते, की पाऊल उचलण्यास धीर होईना. बरोबरच्या एका हौशी गृहस्थाने मात्र, चित्र स्वच्छ यावे म्हणून, आड येणारे गवत उपटले, खडे दूर सारले आणि माझ्या विनवण्यांस दाद न देता ऊन चढेपर्यंत तेथेच ठाण मांडले. उन्हाळ्यात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली धरण्यासाठी, प्रसंगी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून ती अंडी गार राखते. ती जोडी तेवढा वेळ दूर उभी राहून आक्रोश करीत होती. दुसऱ्या दिवशी खळी रिकामी होती आणि मोकळ्या केलेल्या जागेत कावळे उतरले होते.

वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानुसार शिकारीतच जमा होते, ही बाब प्रत्येक छायाचित्रकाराने ध्यानी ठेवावी. पक्षी ओरडू लागला, किंवा जखमी झाल्याचा बहाणा करून आपल्याला दुसरीकडे नेऊ लागला, की आपण त्याच्या हद्दीत शिरलो असे समजून आल्या वाटेने मागे फिरावे आणि तो पुन्हा अंड्यांवर जाऊन बसेपर्यंत जवळ येऊ नये. घरट्याचा ठावठिकाणा कोणासही कळवू नये.

कीटक आणि फुले यांच्या बाबतीतही हाच दंडक पाळावा. रुईच्या पानामागे बिबळ्या कडवा या फुलपाखराची काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडते. पान खुडून तिला उजेडात आणण्याऐवजी आपणच गुडघे टेकून खालून पाहावे, म्हणजे तिच्या पाठीवरील काळ्या तंतूंच्या तीन जोड्याही स्पष्ट दिसतात. तरवडाची फुलोऱ्याने लवलेली फांदी मोडू नये. वाऱ्याने ती हलत असेल, तर वारा पडेपर्यंत थांबावे.

घेतलेल्या चित्राखाली तारीख, गावशिवार व भोवतालच्या वनस्पतींची नोंद करावी, म्हणजे ते पुढील अभ्यासकाच्या उपयोगी पडते. परंतु समोरचा जीव संकटात येत आहे असे दिसताच, चित्र न घेता रिकाम्या हाताने परतण्याची ज्याची तयारी नसेल, त्याने विणीच्या दिवसांत माळावर पाऊल ठेवू नये.