हसविणारा संघ

बास्केटबॉलचा खेळ तुम्ही पाहिला असेल. पण खेळाडू चेंडू बोटावर भिंगरीसारखा फिरवीत आहेत, नाना गमती करीत आहेत आणि प्रेक्षक पोट धरून हसत आहेत, असा सामना कधी पाहिला आहे का? असा खेळ करणारा एक संघ अमेरिकेत आहे. त्याचे नाव हार्लेम ग्लोबट्रॉटर्स. ग्लोबट्रॉटर म्हणजे जगभर फिरणारा.

हा संघ 1926 साली शिकागो शहरात तयार झाला. सर्व खेळाडू कृष्णवर्णीय होते. एब सॅपरस्टीन हा त्यांचा व्यवस्थापक. हार्लेम ही न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती. संघ कोणाचा आहे हे लोकांना कळावे, म्हणून शिकागोच्या या संघाला हार्लेमचे नाव दिले गेले. 7 जानेवारी 1927 रोजी हिंकले या लहानशा गावी त्यांनी सामना खेळला आणि मग त्यांची गावोगावची भ्रमंती सुरू झाली.

तो काळ वर्णभेदाचा होता. ज्या गावात संध्याकाळी त्यांच्यासाठी टाळ्या वाजत, त्याच गावात रात्री त्यांना हॉटेलात खोली मिळत नसे. मोठ्या व्यावसायिक संघांचे दरवाजेही त्यांना बंद होते.

ते बहुतेक सामने सहज जिंकत. मग सामना कंटाळवाणा होऊ नये म्हणून ते गमती करू लागले. लोक हसले, गर्दी वाढली. पण काही जण म्हणू लागले, "हे तर विदूषक! यांना खरा खेळ कुठे येतो?"

याचे उत्तर त्यांनी मैदानावर दिले. 19 फेब्रुवारी 1948 रोजी शिकागोत त्यांचा सामना मिनियापोलिस लेकर्स या बलाढ्य संघाशी झाला. लेकर्सचे सर्व खेळाडू गोरे होते. त्यांचा उंचापुरा जॉर्ज मायकन हा त्या काळचा अव्वल खेळाडू. सुमारे 18 हजार प्रेक्षक जमले होते. मध्यंतरापर्यंत लेकर्स पुढे होते. ग्लोबट्रॉटर्सनी धीर सोडला नाही. दोघांनी मिळून मायकनला अडविले. मार्क्स हेन्स चेंडूचे टप्पे मारीत असा पळे, की तो कोणाच्या हाती लागत नसे. शेवटी 59-59 अशी बरोबरी झाली. अखेरच्या क्षणी एर्मर रॉबिन्सनने लांबून चेंडू फेकला. तो थेट बास्केटमध्ये पडला! ग्लोबट्रॉटर्स 61-59 ने जिंकले.

पुढे 1950 साली एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रथमच प्रवेश मिळाला. ग्लोबट्रॉटर्सचा नॅट क्लिफ्टन न्यूयॉर्कच्या संघात गेला. हळूहळू चांगले खेळाडू तिकडे जाऊ लागले आणि हा संघ मुख्यतः करमणुकीचे सामने करू लागला. आपणच उघडलेल्या दारातून आपले खेळाडू निघून गेले, तरी संघ टिकला. 1985 साली लिनेट वुडर्ड ही खेळाडू त्यात आली. ती या संघातील पहिली महिला.

मुलांनो, कोणी हसतमुख दिसला, म्हणून त्याला कमी समजू नका. त्या हसण्यामागे किती मेहनत आणि किती दुःख आहे, हे आपल्याला वरून दिसत नाही.

शब्दार्थ
भ्रमंती – फिरणे
वर्णभेद – कातडीच्या रंगावरून केलेला भेदभाव
विदूषक – लोकांना हसविणारा
बलाढ्य – फार ताकदवान
धीर – हिंमत

स्वाध्याय
1. शिकागोच्या संघाला हार्लेमचे नाव का दिले गेले?
2. खेळाडू सामन्यात गमती का करू लागले?
3. 1948 च्या सामन्याचे वर्णन पाच वाक्यांत करा.
4. 'पोट धरून हसणे', 'धीर सोडणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.