मजुरीचे एकक : रोज, साल, कोयता आणि तास



दोन देशांतील मजुरीची तुलना करणारा मजकूर मराठी वृत्तपत्रांत वारंवार येतो. ‘तिकडचा मजूर एका तासात जेवढे कमावतो, तेवढे कमवायला इकडच्या मजुराला चार दिवस लागतात’ अशा धर्तीचे वाक्य तुम्ही वाचले असेल. पुढे भाषांतरकार किंवा उपसंपादक म्हणून काम करताना असा मजकूर तुम्हाला स्वतः लिहावा लागेल. त्या वेळी चलनाचा दर कोणताही माहितीकोश सांगतो. अडचण येते ती एककाच्या शब्दांची. या घटकात आपण त्या शब्दांचा विचार करणार आहोत.

उदाहरणासाठी जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे गाव घेऊ. समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून तुम्ही ते वाङ्मयेतिहासात वाचले आहे. येथे मात्र ते मराठवाड्यातील एक शेतीप्रधान गाव म्हणून आपल्यासमोर आहे. या भागात श्रम विकण्यासाठी जे शब्द वापरले जातात, त्यांकडे नीट पाहा. ‘रोजाने’ जाणारा दिवस विकतो. ‘सालगडी’ एका पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत वर्ष विकतो. ‘गुत्ते’ घेणारा काम विकतो, मग ते दोन दिवसांत होवो की चार. कापूस वेचणारी बाई किलोवर मजुरी घेते आणि ऊस तोडणारे टनावर. या साऱ्या शब्दांत तास कोठेही नाही. मराठीतला काळवाचक ‘तास’ हा शब्द फार्सीतून आला. तेथे त्याचा अर्थ धातूचे पात्र. वेळ कळवण्यासाठी वाजवायच्या थाळीवरून तो काळाच्या मापाला चिकटला. शेतकऱ्याच्या तोंडी असलेला ‘तास’ निराळा, तो नांगराने पाडलेल्या रेघेचा. शाळेला, कचेरीला, कारखान्याला पहिला तास लागतो, सालगड्याला दुसरा.

याउलट जर्मनीत किमान वेतन कायद्यानेच तासावर ठरते. २०२४ मध्ये ते ताशी १२.४१ युरो होते. त्याच आर्थिक वर्षात, म्हणजे २०२४-२५ मध्ये, महाराष्ट्रातील रोजगार हमीची केंद्रीय योजनेनुसार मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आता तुलना करू. युरो साधारण ९० रुपयांचा धरला, तर जर्मन मजुराचा तास सुमारे १,११७ रुपयांचा होतो. २९७ ला आठाने भागले की ३७ रुपये येतात. बातमी तयार होते : तीस पट फरक.

पण थांबा. रोजगार हमीच्या आठ तासांत एक तास विश्रांतीचा धरलेला आहे, तर जर्मनीत मधली सुटी कामाच्या तासांत मोजली जात नाही. म्हणून भागायचे ते सातने. उत्तर ४२ येते आणि फरक सव्वीस पटींवर उतरतो. त्यानंतर प्रश्न उरतो तो किमतींचा. जर्मनीत एका युरोत जेवढे मिळते, तेवढे भारतात नव्वद रुपयांना नव्हे, तर ढोबळमानाने अठ्ठावीस-तीस रुपयांना मिळते. यालाच क्रयशक्ती समता म्हणतात. हा हिशेब लावला, तर फरक आठ-नऊ पटींचा राहतो. तीस, सव्वीस आणि आठ-नऊ हे तिन्ही आकडे एकाच वस्तुस्थितीतून निघालेले आहेत. कोणता आकडा छापला जातो, यावर वाचकाचे मत घडते. म्हणून आकड्याशेजारी एकक आणि पद्धत लिहिणे हे भाषेचेच काम आहे. (आठ पट हा फरकही काही थोडा नव्हे. तुलना नेमकी केल्याने दारिद्र्य कमी होत नाही.)

आता ‘कोयता’ हा शब्द घ्या. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्या ऊसतोड कामगारांत कोयता म्हणजे अवजार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. मुकादम ‘उचल’ देतो ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला असे मानू. म्हणजे ७३२ रुपये. कामाचे तास बारा धरू, कारण तोडणी, मोळ्या बांधणे आणि गाडी भरणे हे सारे त्यातच आहे. ७३२ भागिले १२ म्हणजे ताशी ६१ रुपये. रोजगार हमीपेक्षा बरेच बरे, असे वाटते ना? हाच हिशेब मी अनेक उत्तरपत्रिकांत पाहिला आहे. कोयता एकवचनी असला तरी माणसे दोन आहेत. भागायचे ते चोवीसने. तास पडतो साडेतीस रुपयांना. शब्दाच्या वचनाने एक अख्खी बाई हिशेबातून वगळली होती. पहाटे तिने केलेला स्वयंपाक आणि पाणी तर अजून आपण धरलेलेच नाही.

या व्यवहारातला आणखी एक शब्द आहे ‘खाडा’. पगारदाराला ‘रजा’ असते, तीही ‘भरपगारी’ असू शकते. जर्मनीत आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान वीस दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. मजुराच्या गैरहजेरीला मराठीत खाडा म्हणतात, आणि ‘भरमजुरी खाडा’ असा शब्दप्रयोग कोणाच्याही तोंडी नाही. ऊसतोडीत खाड्याला दंड बसतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या चर्चेत पाळीच्या दिवसांतील खाडा आणि त्याचा दंड हे एक कारण म्हणून वारंवार पुढे आले. परिभाषेचा अभ्यास करताना शब्दाच्या मागे काय उभे असते, हे या एका नोंदीवरून कळावे.

गरीब देशासाठी निराळे माप ही गोष्ट मात्र नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये. त्याच्या सोळा वर्षे आधीच इंग्लंडच्या कापड गिरण्यांत साडेछप्पन्न तासांचा आठवडा झाला होता. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने आपल्या पहिल्याच करारात आठवड्याचे ४८ तास ठरवले आणि त्याच करारातील वेगळ्या कलमाने ब्रिटिश हिंदुस्थानसाठी ६० तासांची मर्यादा ठेवली. येथील कारखान्यांत ५४ ऐवजी ४८ तास आले ते १९४६ च्या दुरुस्तीने. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आज जर्मनीतील कामगार वर्षाला सरासरी सुमारे १,३४० तास काम करतो, तर भारतात आठवड्याचीच सरासरी सुमारे ४७ तासांची आहे. सालगड्याचे तास या सरासरीत कसे बसवायचे, हे मला तरी अवघडच वाटते : शेतीपंपाला वीज रात्री मिळाली, तर तो रात्री पाणी देतो, आणि ‘साल’ या शब्दाला त्या रात्रीची वेगळी नोंद ठेवता येत नाही.

स्वयं-अध्ययन उपक्रम : तुमच्या गावातील कोणत्याही तीन कामांसाठी मजुरी कशावर ठरते, ते विचारा : दिवस, नग, वजन, एकर की साल. त्यासाठी वापरला जाणारा शब्द बोलीत जसा उच्चारला जातो, तसाच लिहा. मग प्रत्येक कामाची ताशी मजुरी काढा. भागाकार करण्यापूर्वी, त्या शब्दात किती माणसे आहेत आणि त्यांतली कोणाची मजुरी दुसऱ्याच्या हातात दिली जाते, हे वहीत स्वतंत्र रकान्यात नोंदवा. बिगारी हा शब्द आढळल्यास थोडे थांबा : बिनमोल राबवून घेण्याच्या ‘बिगार’पासून तो आला आहे, आणि आज बांधकामावरचा बिगारी रोज घेतो. अर्थ केव्हा आणि कसा बदलला असावा, यावर दहा ओळी लिहा.